एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा शेवट नाही: न्यू जर्सीतल्या मिडल स्कूलचं पत्र कसं वाचावं

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. पुण्याहून न्यू जर्सीत येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. मुलगी सातवीत, मुलगा पाचवीत. मार्चअखेरीस मुलीच्या मिडल स्कूलकडून (साधारण सहावी ते आठवीची शाळा) लांबलचक पत्र आलं. राज्याच्या परीक्षेच्या तारखा, पुढच्या वर्षीचा गणिताचा वर्ग, हजेरी, फोन, कपडे, सहल, औषधं असं सगळं त्यात एकत्र होतं आणि शेवटी 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' अशी यादी. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. परीक्षेसाठी क्लास लावावा का? मे महिन्यात दिरांच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला जाऊन आलं तर चालेल का? गणिताच्या वरच्या वर्गात नाव नाही म्हणजे मुलगी मागे पडली का? आणि तुम्ही शिक्षिकेला ईमेल केल्यावर तिने 'हे तिलाच येऊन विचारू द्या' असं का लिहिलं?

मी इथल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये बरीच वर्षं गणित शिकवलं आणि आता काउन्सेलर म्हणून, म्हणजे मुलांना वर्गनिवड आणि अडचणींबद्दल सल्ला देण्याचं, काम करते. नियम डिस्ट्रिक्टप्रमाणे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाप्रमाणे, बदलतात, त्यामुळे राज्याचा नियम कुठला आणि शाळेने स्वतः ठरवलेलं काय, हे जमेल तिथे वेगळं करून सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपण मार्च-एप्रिल म्हटलं की वार्षिक परीक्षा, निकाल आणि सुट्टी असा विचार करत वाढलो. त्याच सवयीने हे पत्र वाचलं की नजर थेट परीक्षेच्या तारखांवर जाते आणि बाकीचं किरकोळ वाटतं. इथे हा क्रम बरोबर उलटा आहे. सातवीत राज्याच्या परीक्षेवर पास-नापास ठरत नाही. पुढचं वर्ष ठरतं ते रोजच्या कामावर, हजेरीवर, वर्गातल्या चाचण्यांवर आणि एप्रिल-मेमध्ये शाळा घेत असलेल्या निर्णयांवर. म्हणजे पत्रातला जो भाग आपण भराभर ओलांडतो, तोच पेन घेऊन वाचायचा.

परीक्षेचं लवकर उरकते. एनजेएसएलए ही राज्याची परीक्षा तिसरी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी आणि गणितात असते, विज्ञानात पाचवी, आठवी आणि अकरावीत. 2015 च्या एसा या केंद्रीय कायद्यानुसार किमान 95 टक्के मुलांनी अशी परीक्षा द्यावी लागते, म्हणूनच शाळा तारखांची आठवण पुन्हा पुन्हा करून देते. परीक्षेचे गुण तिच्या रिपोर्ट कार्डावर येत नाहीत. निकाल येतो तोवर वर्ष संपलेलं असतं. हायस्कूल पूर्ण करण्याच्या अटीतली परीक्षा वेगळी, ती अकरावीत होते. मग हिचा उपयोग काय? शाळा कुठे कमी पडतेय हे राज्याला कळतं. शिवाय काही डिस्ट्रिक्ट वर्ग ठरवताना अनेक निकषांपैकी एक म्हणून हा निकाल बघतात. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तसं आहे का, ते काउन्सेलरला विचारा. असलं तरी खास क्लास लावू नका. राज्याच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या फुकट आहेत. त्यातली एक तिला सोडवू द्या, म्हणजे पडद्यावरचा कॅल्क्युलेटर आणि समीकरण लिहायची खिडकी तिला ओळखीची होईल. त्या दिवसांत रात्रीची झोप, पोटभर नाश्ता, चार्ज केलेलं क्रोमबुक आणि वाचायला एक पुस्तक एवढं पुरे. स्मार्ट घड्याळ घरीच ठेवा. परीक्षेच्या खोलीत ते हातावर सापडलं तर पेपर रद्द होऊ शकतो, मग मुलीने त्यात काही पाहिलेलं असो वा नसो.

आता गणित. इथे सावकाश सांगते, कारण आपल्या पालकांच्या मनात सगळ्यात जास्त घालमेल याचीच असते.

आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दोन्ही एकाच वर्षात चालतात. इथे ते एकामागून एक येतात: एक पूर्ण वर्ष अल्जिब्रा वन, मग पूर्ण वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि त्यानंतर कॅल्क्युलस. ही साखळी आठवीत सुरू झाली तर बारावीत कॅल्क्युलस येतं. नववीत सुरू झाली तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. म्हणून सातवीच्या वसंतात 'आठवीत अल्जिब्रा मिळणार की नाही' हा एवढा मोठा प्रश्न होऊन बसतो. पण दार तिथे कायमचं बंद होत नाही. अनेक हायस्कूलमध्ये जॉमेट्री उन्हाळ्यात करता येते, किंवा दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू बरोबरीने घेता येतात. नववीत अल्जिब्रा घेऊन पुढे इंजिनिअरिंगला गेलेली मुलं माझ्या पाहण्यात आहेत. आठवीत अल्जिब्रात ढकललेली आणि दहावीपर्यंत गणिताचा धसका घेतलेली मुलंही आहेत, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते.

थेट आठवीत अल्जिब्रा घेणाऱ्या मुलांचं साधारण आठवीचं गणित मधून गळतं. त्यात रेषेचा चढ, फलन, दोन चलांची समीकरणं, घातांकाचे नियम आणि पायथागोरस हे सगळं असतं. वरच्या वर्गातली मुलं सातवीतच यातलं बरंच दाटीवाटीने करून घेतात. तुमची मुलगी साध्या वर्गात असेल तर तिने ते केलेलं नसेल. तेव्हा 'ती हुशार आहे, तिला वर घ्या' असं म्हणण्याआधी काउन्सेलरला किंवा गणिताच्या शिक्षिकेला विचारा: आठवीतलं नेमकं काय तिला अजून यायचंय, आणि ते उन्हाळ्यात भरून काढायची शाळेची काही सोय आहे का? या प्रश्नाला शाळा नीट उत्तर देते, कारण त्यातून तुम्ही विचार केलाय हे दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची खास. आकडेमोड त्यांना चटकन येते. पाढे पाठ असतात, अपूर्णांकांची भीती नसते. पण इथल्या चाचणीत 'तुझं उत्तर बरोबर का आहे ते लिही' असा प्रश्न आला की पान कोरं राहतं. तीन ओळींत कारण लिहिणं हे इथल्या गणितात निम्मं काम आहे, आणि वर्गनिवडीच्या चाचणीत आपली मुलं गुण घालवतात ती बहुतेक इथेच. घरी तयारी करायचीच असेल तर आणखी पन्नास गणितं देऊ नका. रोज एकच गणित द्या आणि ते तिला तुम्हाला समजावून सांगायला लावा, मराठीत सांगितलं तरी चालेल. 'हे असंच करतात' असं ती म्हणाली की तिथे थांबून विचारा, का?

निवड कशी होते हे बरीच डिस्ट्रिक्ट लेखी प्रसिद्ध करतात. बहुतेक ठिकाणी वर्गातले गुण, वर्षातून दोन-तीनदा होणारी संगणकावरची चाचणी, शिक्षकांचं मत आणि कधी वेगळी प्रवेशचाचणी यांची बेरीज असते. नाव आलं नाही तर बऱ्याच ठिकाणी फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्याची मुदत लहान असते आणि ती पत्रातच कुठेतरी दिलेली असते. आज घरी गेल्यावर सगळ्यात आधी ती तारीख शोधा. अर्ज करायचा की नाही हे मात्र मुलीशी बोलून ठरवा. तिला नको असताना वरच्या वर्गात घातलं तर वर्षभर तिथे बसणार तीच आहे.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट, जी दुसऱ्या राज्यांतून आलेल्या पालकांना उशिरा कळते. 'मिडल स्कूलचे मार्क कॉलेजला जात नाहीत' असं तुम्हाला शेजारीपाजारी सांगतील. सर्वसाधारणपणे ते खरं आहे, कॉलेज नववीपासूनचं बघतात. पण न्यू जर्सीत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खास हायस्कूल आहेत, बर्गन काउंटी अकॅडमीज किंवा मनमथ काउंटीतली हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल यांसारख्या. त्यांत विज्ञान, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा विषयांवर भर असतो आणि काउंटीत राहणाऱ्यांना फी नसते. त्यांचे अर्ज आठवीच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरले जातात आणि अर्जात सातवीचे गुण लागतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत आता चालू असलेला शेवटचा मार्किंग पिरियड (वर्षाचा ज्याचे गुण वेगळे देतात तो भाग) त्यात धरला जाईल. तिला त्या वाटेने जायचं नसेल तर काहीच बिघडत नाही. पण जायचं असेल तर हे आत्ता माहीत असायला हवं, ऑक्टोबरमध्ये नाही.

गुणांचा विषय निघालाच आहे तर पोर्टलबद्दल, म्हणजे शाळा गुण आणि हजेरी दाखवते त्या संकेतस्थळाबद्दल, सांगते. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री पोर्टल उघडून बघता आणि एखादा सी दिसला की घरात वातावरण तापतं. रोज बघू नका. आणि बघताना अक्षराकडे नाही, 'मिसिंग' असं कुठे लिहिलंय तिकडे लक्ष द्या. समजा दहा-दहा गुणांची पाच कामं आहेत. चारात तिला नऊ-नऊ मिळाले आणि पाचवं दिलंच नाही, तर बेरीज 50 पैकी 36, म्हणजे 72 टक्के. तेच पाचवं काम अर्धवट का होईना देऊन पाच गुण मिळवले असते, तर 41, म्हणजे 82 टक्के. सी आणि बी यांच्यातलं अंतर एवढंच. वसंतात घसरलेले बहुतेक गुण न समजल्यामुळे घसरलेले नसतात, न दिलेल्या कामामुळे घसरलेले असतात. आपली मुलं काम पूर्ण आणि सुबक झाल्याशिवाय द्यायला लाजतात. मुलीला स्पष्ट सांगा, की अर्धवट काम दिलंस तरी आम्ही रागावणार नाही. हे तिला तुमच्या तोंडून ऐकायची गरज असते.

आता शिक्षिकेच्या त्या ईमेलबद्दल. तुम्हाला ते तुटक वाटलं, तुमचं वाईट वाटणं मला समजतं. आपल्याकडे शिक्षकांशी बोलायचं ते आईवडिलांनी, आणि मुलाने मान खाली घालून शेजारी उभं राहायचं, हीच रीत. वर्गात बाईंना उलट प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा. तुमची मुलगी त्याच संस्कारात वाढली आणि तिची ती अदब मोलाची आहे. पण इथल्या वर्गात गप्प बसलेल्या मुलाचा अर्थ वेगळा लावला जातो. सगळं समजलंय, किंवा विषयात रस नाही, यांपैकी काहीतरी शिक्षक गृहीत धरतात. आणि मिडल स्कूलच्या एकेका शिक्षकाकडे दिवसभरात शंभराच्या आसपास मुलं येऊन जातात. प्राथमिक शाळेतल्या एकाच बाईंना तुमची मुलगी जशी आतून-बाहेरून माहीत होती, तशी इथे कुणालाच नसते. तिने सांगितल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' या यादीत इतकं काही लिहिलेलं असतं, वेळेवर या, आदराने बोला, वस्तू सांभाळा. पण शिक्षकांच्या मनात सगळ्यात वरची अपेक्षा हीच असते, की अडलं तर मुलाने स्वतः येऊन सांगावं. दीड वर्षात ती हायस्कूलमध्ये जाईल आणि तिथे तर हे गृहीतच धरतात.

सवय लावायची कशी? रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं मुलीबरोबर बसा. पोर्टल तिच्या लॉगिनने उघडा आणि माउस तिच्या हातात असू द्या. तुम्ही फक्त विचारा: काय राहिलंय, आणि ते कुणाला विचारायचंय? मग तिने तिच्या शाळेच्या खात्यावरून दोन-तीन ओळींचं ईमेल लिहायचं. मी अमुक दिवशी गैरहजर होते, अमुक काम राहिलं, मला तमुक भाग समजला नाही, जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर येऊ का? एवढंच. पहिली दोन-तीन ईमेल पाठवण्याआधी वाचून बघा, पण तिच्यासाठी लिहू नका. प्रौढाने लिहिलेलं शिक्षकांना पहिल्या ओळीत कळतं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तिने प्रत्यक्ष जाऊन विचारायचं. तरीही काही हाललं नाही, तर मग तुम्ही लिहा, आणि मुलीने काय-काय केलं ते आधी सांगा. त्या ईमेलला मिळणारं उत्तर वेगळं असतं.

काही गोष्टींत मात्र मुलीला पुढे करू नका, थेट तुम्हीच बोला: तब्येत, छळ, घरातली मोठी घटना, आणि शिकण्यातली अशी अडचण जी महिनोन् महिने सुटत नाही.

आता लग्न. इथे मला तुम्हाला थोडं स्पष्ट सांगावं लागेल.

न्यू जर्सीत शाळेचं वर्ष किमान 180 दिवसांचं असतं. त्यातले दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस मूल गैरहजर राहिलं तर राज्याच्या व्याख्येप्रमाणे ते 'सततची गैरहजेरी' या गटात जातं. पूर्ण वर्षाला हा आकडा 18 दिवस होतो, आणि आजारपणाचे दिवसही त्यात धरतात. तुमचे तीन आठवडे म्हणजे शाळेचे 15 दिवस. हिवाळ्यात ती सर्दी-तापाने चार दिवस घरी होती असं तुम्ही लिहिलंय. बेरीज 19. शिवाय घरगुती प्रवासाची रजा बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये विनापरवानगी गैरहजेरी धरली जाते, आणि अशी गैरहजेरी दहा दिवसांवर गेली की राज्याच्या नियमाप्रमाणे शाळेला पुढची, कोर्टापर्यंत जाणारी प्रक्रिया सुरू करावी लागते. मुख्याध्यापक चांगले असले तरी तो आकडा त्यांच्या हातात नसतो. काही ठिकाणी सलग फार दिवस न आलेल्या मुलाचं नाव पटावरून काढून परत आल्यावर नव्याने नोंदणी करायला लावतात, तेही विचारून घ्या.

त्यात मे महिन्यातच राज्याची परीक्षा, गणिताची प्रवेशचाचणी आणि शेवटच्या मार्किंग पिरियडचे मोठे प्रकल्प. तीन आठवड्यांचं काम आधीच द्या अशी विनंती पालक करतात. शिक्षक नाही म्हणतात तेव्हा त्यात हट्ट नसतो. गटात बसून होणारा प्रयोग किंवा वर्गातली चर्चा कागदावर बांधून देता येत नाही.

तरी घरचं लग्न ते घरचं लग्न. सख्ख्या काकाच्या लग्नात मुलांनी नसावं असं मी मुळीच म्हणणार नाही. आजी-आजोबांचा सहवास, सगळी भावंडं एकत्र, हे तिला पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. तेव्हा दिवस कमी करा. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते. लग्नाची तारीख त्याच्या आसपास असेल तर दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून शाळेचे पाच-सहा दिवस बुडवून जाऊन येता येईल. तयारीसाठी तुमच्यापैकी एकाने आधी जायचं आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन नंतर यायचं, असं अनेक घरं करतात. तिकिटं काढण्याआधी परीक्षेच्या आणि प्रवेशचाचणीच्या तारखा बघा. राहिलेला पेपर नंतर देण्याचे दिवसही शाळेने ठरवलेले असतात, तेही विचारा. मग मुख्याध्यापकांना आणि हजेरी बघणाऱ्या ऑफिसला खरं कारण लिहून कळवा. 'ताप आहे' असं कळवून विमानात बसू नका. परत आल्यावर हातावरची मेंदी सगळा वर्ग बघतो, आणि खोटं बोलायची वेळ मुलीवर येते.

तारीख अजून ठरली नसेल तर सासरी आत्ताच बोला. इथल्या शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतात, थंडीत बर्फामुळे सुट्ट्या जास्त झाल्या तर आणखी काही दिवस पुढे. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त तुरळक होतात, त्यामुळे मधली खिडकी लहान आहे, पण बहुतेक वर्षी असते. परदेशातली नातवंडं यावीत म्हणून तारीख पंधरा दिवस पुढे घेणारी घरं मला माहीत आहेत. विचारून तर बघा.

सणांची गोष्ट वेगळी. धार्मिक सणासाठी पालकांची लेखी चिठ्ठी असेल तर न्यू जर्सीत ती रजा मंजूर धरतात, आणि त्यामुळे मुलाचं कुठलंही बक्षीस किंवा संधी जात नाही. होळी-दिवाळीसारखे सण राज्याच्या यादीत आहेत. पाडव्याला मुलांना घरी ठेवायचं असेल तर आदल्या दिवशी ऑफिसला लेखी कळवा. नुसता फोन करून 'आज येणार नाही' असं सांगितलं, तर तो दिवस साध्या गैरहजेरीत जातो.

पत्रातल्या बाकीच्या सूचनांपैकी औषधांची सूचना आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. एप्रिल-मेमध्ये झाडांचे परागकण उडतात आणि इथे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अनेकांना त्याचा त्रास सुरू होतो. डोळे लाल, शिंका, रात्री खोकला. आपण सहज मुलाच्या दप्तरात गोळी टाकतो. इथे तसं चालत नाही. साधी ॲलर्जीची किंवा डोकेदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांच्या लेखी आदेशाने, मूळ डबीत, नर्सकडे द्यावी लागते. दम्याचा पंप मुलाला स्वतःजवळ ठेवता येतो, पण त्यालाही डॉक्टरांचं पत्र लागतं. मैत्रिणीला डोकं दुखतंय म्हणून आपल्याकडची गोळी देणारं भाबडं मूल इथे शिस्तीच्या मोठ्या कारवाईत सापडू शकतं. मुलीला हे नीट समजावून सांगा.

फोनबद्दल शाळेचं म्हणणं साधं आहे: शाळेत फोन बंद आणि नजरेआड. हा नियम मोडायला बऱ्याचदा आपणच भाग पाडतो, दुपारी 'डबा खाल्लास का?' असा मेसेज पाठवून. निरोप असेल तर ऑफिसला फोन करा, ते वर्गात पोचवतात. कपड्यांबद्दल पत्रात आहे ते वाचा, त्यात काही अवघड नाही. सहलीला आणि वर्षअखेरीच्या कार्यक्रमांना जायला हजेरी आणि वर्तनाची अट असते, आणि परवानगीच्या फॉर्मची मुदत पाळावी लागते. सहलीचे पैसे भरणं जड जात असेल तर काउन्सेलरला एकट्याला सांगा, बहुतेक शाळांकडे त्यासाठी सोय असते आणि ती गोष्ट वर्गात कळत नाही. पुढच्या वर्षी ती शाळेच्या संघात खेळणार असेल तर डॉक्टरी तपासणी गेल्या 365 दिवसांतली लागते. उन्हाळ्यात भारतात जाण्याआधीच ती उरकून घ्या.

छळाविषयीचा परिच्छेद मात्र ओलांडू नका. न्यू जर्सीत 2011 पासून त्यासाठी कडक कायदा आहे. तक्रार आल्यावर एका शालेय दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि ती दहा शालेय दिवसांत पूर्ण करावी लागते. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. शाळेबाहेर, रात्री, फोनवर घडलेलंही त्यात येतं, जर त्याचा परिणाम शाळेत दिसत असेल. सातवीच्या वसंतात मैत्रिणींचे गट पुन्हा मांडले जातात, कुणाला ग्रुपमधून काढलं जातं, कुणाच्या उच्चारावर, डब्यातल्या वासावर, अंगावरच्या लवेवर बोललं जातं. नव्याने आलेल्या आपल्या मुली हे घरी सांगत नाहीत, कारण आईबाबांना इथे आधीच खूप निभवावं लागतंय हे त्यांना दिसतं. तुम्हीच विचारा, गाडीत, शेजारी बसून, डोळ्यांत न बघता. काही निघालं तर स्क्रीनशॉट ठेवा, तारीख लिहा आणि शाळेला लेखी कळवा. समोरच्या मुलीच्या आईला फोन करू नका, त्याने जवळजवळ नेहमी प्रकरण चिघळतं. आणि दुसऱ्या कुणाची थट्टा करणारा मेसेज मुलीने पुढे पाठवला, तर तीही त्या चौकशीत येते, हे तिला सांगा.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, की तिला वाचायला फार वेळ लागतो, पुण्यातही लागायचा, आणि इथे ते भाषेवर ढकललं जातंय. कदाचित भाषाच असेल. पण दोन्ही देशांत, दोन्ही भाषांत तेच दिसत असेल तर शिकण्यातली काही अडचण आहे का याची तपासणी शाळेकडे मागा. लेखी विनंती दिली की न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते. शाळेच्या सुट्ट्या त्यातून वगळतात, पण उन्हाळ्याची सुट्टी वगळत नाहीत. म्हणून 'आता वर्ष संपतच आलंय, सप्टेंबरमध्ये बघू' असं कुणी म्हटलं तरी थांबू नका, आत्ताच लिहून द्या. असा शिक्का पुढे आड येईल ही भीती आपल्या घरांत असते. ती माहिती गोपनीय असते. परीक्षेत जास्त वेळ, वाचून दाखवणारं साधन अशी मदत त्यातूनच मिळते, आणि ती मिळाल्यावर खुललेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलाबद्दल थोडं. पाचवीतून सहावीत जाताना न्यू जर्सीत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची) आणि मेनिंजायटिसची अशा दोन लशी लागतात. तो अजून अकराचा नसेल तर अकरा पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. पुण्यातलं लसीकरणाचं कार्ड इथल्या डॉक्टरांकडून शाळेच्या फॉर्मवर उतरवून घ्या. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही, आत्ताच घ्या. आणि आकडे फिरवून उघडायचं एक कुलूप आणून उन्हाळ्यात त्याला घरी उघडायला शिकवा. सहावीतल्या नव्या मुलांना अभ्यासापेक्षा लॉकर न उघडण्याची भीती जास्त असते.

काउन्सेलरची वेळ या आठवड्यात मागा आणि भेटीला मुलीला सोबत न्या. जाताना तिचं शेवटचं रिपोर्ट कार्ड, पुण्यातल्या पाचवीचा निकाल आणि हजेरीचा पोर्टलवरचा आकडा बरोबर ठेवा. पुढच्या वर्षी तिला काय घ्यायचंय आणि काय अवघड जातंय, हे आधी तिला सांगू द्या. मध्ये अडखळली तरी थांबा, काउन्सेलर थांबतात. मग तुमचे प्रश्न या क्रमाने विचारा: फेरविचाराच्या अर्जाची मुदत, उन्हाळ्यातली गणिताची सोय, मेमधल्या परीक्षांचे नेमके दिवस, आणि आत्तापर्यंत झालेल्या गैरहजेरीचा शाळेच्या नोंदीतला आकडा. तिकिटं त्यानंतर काढा.